माहितीपट बघायचा आहे, पण सुरुवात कुठून करू?

‘एखादी चांगली डॉक्युमेंटरी सुचवा ना,’ असं कुणी म्हटलं की मी आधी उलट विचारते : तुम्ही मूळचे कुठले? आणि काम काय करता? विचारणाऱ्याला हे जरा चमत्कारिक वाटतं. पण आमच्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये गेली काही वर्षं महिन्यातून एकदा माहितीपट दाखवताना एक गोष्ट माझ्या पक्की ध्यानात आली आहे. ‘जगातले सर्वोत्तम दहा’ अशी यादी घेऊन बसणारी मंडळी तिसऱ्या महिन्यात यायची बंद होतात. ज्यांची सुरुवात आपल्या ओळखीच्या गावापासून किंवा आपल्या धंद्यापासून होते, ती टिकतात. ओळखीच्या मुलखातला माहितीपट तुम्हाला तपासता येतो, हे त्यामागचं कारण. बोली खरी वाटते का, माणूस कॅमेऱ्याकडे बघून बोलतोय की स्वतःशी, काय गाळलंय, हे तुम्हाला लगेच कळतं. ही पारख एकदा हाताशी आली की मग मॅसिडोनिया असो नाहीतर टेक्सास, तुम्ही सहजासहजी फसत नाही.

गेल्या काही महिन्यांत तेच तेच प्रश्न पुन्हा आले. त्यांची उत्तरं एकदाच सविस्तर देते.

आधी नावांचा घोळ

‘लघुपट म्हणजेच माहितीपट ना?’ नाही. ‘लघुपट’ हा शब्द फक्त लांबी सांगतो. दहा मिनिटांची काल्पनिक गोष्टही लघुपट असते, आणि माहितीपट नऊ तासांचाही असतो. ज्यांनी थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी फिल्म्स डिव्हिजनची रिळं पाहिली, ते ‘अनुबोधपट’ म्हणतात. त्या शब्दाला सरकारी उपदेशाचा वास आहे. त्या वासामुळेच आपली एक अख्खी पिढी या प्रकारापासून लांब राहिली, असं माझं मत आहे. तसं पाहिलं तर आपल्याकडे कथापटाच्याही आधी हाच प्रकार आला. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली, तेव्हा दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ यायला अजून चौदा वर्षं होती.

ओटीटीवर निवडताना एवढं लक्षात ठेवा : ‘सत्य घटनेवर आधारित’ अशी पाटी दिसली तर तो माहितीपट नव्हे, नटांनी केलेला कथापट आहे.

पहिला माहितीपट घराजवळचा निवडा

माझी पहिली शिफारस कायम एकच असते : फैझा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’. तयार झाला २००८ मध्ये, चित्रपटगृहांत यायला २०१२ उजाडलं. यंत्रमागांच्या मालेगावात शेख नासिर नावाचा हौशी दिग्दर्शक गाजलेल्या सिनेमांच्या गावठी नकला करतो. ‘शोले’ची करून झालेली असते, आता त्याला सुपरमॅन उडवायचा असतो. नायक म्हणून निवडला जातो शफीक, मागावर काम करणारा काडीपैलवान. हिरवं कापड आणून ‘क्रोमा’ जमवला जातो, गावातल्याच जुगाडांवर उड्डाण होतं. युनिटचा एकुलता एक कॅमेरा पाण्यात पडतो. तुम्ही पोट धरून हसता. आणि हसता हसता लक्षात येतं, की ही माणसं आठवडाभर मागाच्या खडखडाटात असतात आणि सिनेमा ही त्यांची एकमेव सुटका आहे. शफीक पुढे कर्करोगाने गेला, हे ठाऊक असताना हा माहितीपट दुसऱ्यांदा बघणं अवघड जातं. तरीही बघा. गरिबी दाखवताना दिग्दर्शिका कुणाची कीव करत नाही आणि चेष्टाही करत नाही. हा तोल मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे.

दुसरी शिफारस ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६), दिग्दर्शन शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया. जत्रेतला तंबू ज्यांनी अनुभवलाय त्यांना वेगळं सांगायला नको : ट्रकवर लादलेलं प्रोजेक्टर, कर्ण्यावरचा पुकारा, कनातीखालून घुसणारी पोरं. महाराष्ट्रातल्या फिरत्या टॉकीजवाल्यांबरोबर दिग्दर्शक अनेक वर्षं हिंडले आणि नेमक्या त्या काळात रिळं जाऊन डिजिटल आलं. प्रोजेक्टर दुरुस्त करणारा म्हातारा प्रकाश हा माझ्या मते आपल्या माहितीपटांतल्या सर्वांत लोभस माणसांपैकी एक. स्वतःच्या डोक्याने यंत्र बनवायचं आणि गिऱ्हाईकच उरलेलं नाही हेही हसून सांगायचं, हे त्यालाच जमावं. हा चित्रपट कान महोत्सवात दाखवला गेला, तिथे त्याची विशेष दखलही घेतली गेली. आमच्या हॉलमध्ये मात्र तो संपल्यावर एक आजोबा एवढंच म्हणाले, ‘रीळ तुटल्यावर लोक शिट्ट्या मारायचे ते घ्यायला हवं होतं.’ पारख म्हणतात ती हीच.

तिसरा माझ्या यादीत सगळ्यांत वरचा, पण सुरुवातीला नको : आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११). ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली. जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जण ठार झाले. काही दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. पटवर्धनांच्या आधीच्या ‘हमारा शहर’मध्ये घोगरे गायले होते, म्हणजे चित्रपटकर्त्याचा मित्रच गेला होता. तिथून सुरू झालेलं चित्रीकरण चौदा वर्षं चाललं. लांबी तीन तासांच्या घरात आहे. पण ती जाणवत नाही, कारण कहाणी पुढे नेतात ती गाणी : शाहिरांची, जलशांची, वस्तीतल्या बायकांची, पुढे कबीर कला मंच या गाणाऱ्या पथकातल्या पोरापोरींची. कोर्टातल्या तारखा आणि गाणं यांची अशी वीण मी दुसरीकडे पाहिलेली नाही. मराठी कळणाऱ्याला हा माहितीपट इतर कुणाहीपेक्षा जास्त मिळतो, कारण उपशीर्षकात गाण्याचा अर्थ येतो, ठसका येत नाही.

याखेरीज तुमच्या आवडीप्रमाणे :

- शेतीशी संबंध असेल तर दीपा भाटिया यांचा ‘नीरोज गेस्ट्स’ (२००९). पत्रकार पी. साईनाथ विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त घरांत जातात. तासाभरात संपतो, पण मनातून आठवडाभर हलत नाही.
- मुंबईत राहात असाल तर पारोमिता व्होरा यांचा ‘क्यू टू पी’ (२००६). विषय : सार्वजनिक मुतारी, आणि ती बायकांना का मिळत नाही. खुसखुशीत आणि बोचरा.
- कवितेची आवड असेल तर के. पी. जयशंकर आणि अंजली मोंतेरो यांचा ‘साचा’. नारायण सुर्वे यांची कविता, सुधीर पटवर्धन यांची चित्रं आणि ओसरत चाललेलं गिरणगाव.

वेळ किती आहे?

‘एवढा वेळ कुठाय’ ही तक्रार मला मान्य नाही, कारण प्रत्येक मापाचा माहितीपट असतो.

- वीस मिनिटं : एस. एन. एस. शास्त्री यांचा ‘आय अ‍ॅम ट्वेंटी’ (१९६७). देशाबरोबर १९४७ मध्ये जन्मलेली मुलं-मुली विसाव्या वर्षी कॅमेऱ्यासमोर बोलतात. कुणी आशेवर आहे, कुणी वैतागलेला, एखादा उघड टोमणे मारतो. आणि हे फिल्म्स डिव्हिजनने, म्हणजे सरकारी संस्थेने केलंय! अनुबोधपटांविषयीचा राग इथे निवळतो.
- अर्धा तास : आलाँ रेने यांचा फ्रेंच ‘नाइट अँड फॉग’. नाझी छळछावण्या, दहाएक वर्षांनंतरचं तिथलं शांत गवत आणि जुनी छायाचित्रं. लहान मुलांना दाखवू नका. रात्री एकट्याने बघू नका.
- चाळीस मिनिटं : कार्तिकी गोन्साल्व्हिस यांचा ‘द एलिफंट व्हिस्परर्स’. मुदुमलाईतलं जोडपं आणि हत्तीचं अनाथ पिल्लू. २०२३ मध्ये ऑस्कर मिळालं. गोड आहे, जरा जास्तच गोड. घरच्या सगळ्यांनी एकत्र बघायला मात्र याच्याइतका सोयीचा दुसरा नाही.
- दीड तास : शौनक सेन यांचा ‘ऑल दॅट ब्रीद्स’ (२०२२). दिल्लीच्या वझिराबादेत दोन भाऊ तळघरात साबणाच्या डिस्पेन्सरचा धंदा सांभाळत, मांजाने कापलेल्या घारी बऱ्या करतात. घार मांसाहारी म्हणून पक्ष्यांच्या रुग्णालयाने तिला नाकारलेलं असतं. सुरुवातीची दहा मिनिटं संथ आहेत, रिमोट हातातून खाली ठेवा.
- तेवढाच वेळ, पण मन शेतात असेल तर उत्तर मॅसिडोनियातला ‘हनीलँड’ (२०१९). डोंगरात राहणारी बाई मध काढताना निम्मा स्वतःला घेते, निम्मा माश्यांना ठेवते. शेजारी आलेलं भटकं कुटुंब सगळाच काढून घेतं. शेजारधर्म म्हणजे काय, हे आपल्या गावातल्या बांधाच्या भांडणांइतकंच तिथे कळतं.

नऊ तासांचा उल्लेख वर केला तो क्लोद लान्झमान यांच्या ‘शोआ’चा (१९८५). तो एका बैठकीत बघण्याचा हट्ट धरू नका, चार रविवार लावा.

‘खरं’ म्हणजे किती खरं?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. कॅमेऱ्याने टिपलं म्हणजे घडलंच, असं समजू नका. तीन जुनी उदाहरणं पुरेत.

रॉबर्ट फ्लॅहर्टी यांचा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ (१९२२) हा या प्रकाराचा आद्यपुरुष मानला जातो. पण त्यातल्या नायकाचं खरं नाव नानूक नव्हतं. त्या काळी तिथली इनुइट मंडळी बंदूक वापरत असताना त्यांना जुन्या हत्यारांनी शिकार करायला लावली होती. उजेड यावा म्हणून बर्फाचं घर एका बाजूने उघडं ठेवलं होतं.

डिस्नेच्या ‘व्हाइट विल्डरनेस’मध्ये (१९५८) लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून झुंडीने आत्महत्या करताना दिसतात. प्रत्यक्षात ते विकत आणलेले होते आणि त्यांना ढकलण्यात आलं होतं. चित्रपटाला ऑस्कर मिळालं. लबाडी उघड व्हायला १९८२ साल उजाडलं, आणि ‘लेमिंग आत्महत्या करतात’ ही अफवा अजून जिवंत आहे.

आता याच्या उलट. एरल मॉरिस यांच्या ‘द थिन ब्लू लाइन’मध्ये (१९८८) डॅलसमधल्या एका पोलिसाचा खून नटांकरवी पुन्हा पुन्हा घडवून दाखवला आहे, दर वेळी वेगळ्या साक्षीप्रमाणे. या नाट्यरूपांतरांमुळेच साक्षी कशा एकमेकींशी जुळत नाहीत ते उघड झालं. खुनासाठी दोषी ठरवलेला रँडल अ‍ॅडम्स पुढच्या वर्षी तुरुंगातून सुटला. तेव्हा प्रसंग ‘घडवून आणला’ एवढ्यावरून निकाल देऊ नका. प्रेक्षकाला ते सांगितलंय की लपवलंय, हे बघा.

अलीकडे यात नवी भर पडली आहे. ‘रोडरनर’ (२०२१) या अमेरिकी शेफ अँथनी बोर्डेन यांच्यावरच्या माहितीपटात त्यांच्या मृत्यूनंतर यंत्राकडून त्यांचा आवाज तयार करून काही वाक्यं वदवली होती. चित्रपटात ते सांगितलेलं नव्हतं, दिग्दर्शकाच्या मुलाखतीतून बाहेर आलं.

बघताना मी स्वतःला हे प्रश्न विचारते, तुम्हीही विचारा :

- पैसे कुणी दिले? श्रेयनामावली शेवटपर्यंत बघा. एखाद्या ताऱ्यावरच्या मालिकेची निर्मिती त्याच ताऱ्याच्या कंपनीची असेल, तर ती जाहिरात समजून बघा. करमणूक म्हणून चालेल.
- कोण बोलत नाहीये? ज्याच्यावर आरोप आहे त्याला विचारलं का? त्याने नकार दिला असेल तर तसं सांगितलंय का?
- आवाज बंद केला तर काय उरतं? डोळ्यांत पाणी दृश्यामुळे आलं की व्हायोलिनमुळे, हे दोन मिनिटांत कळतं.
- ज्यांच्यावर केलाय, त्यांचं म्हणणं काय? ‘रायटिंग विथ फायर’ ऑस्करच्या नामांकनात पोचला, तेव्हा ज्यांच्या कामावर तो बेतलाय त्या ‘खबर लहरिया’च्या पत्रकारांनी जाहीर निवेदन काढून, यात आमची अर्धीच गोष्ट आली आहे, असं म्हटलं. चित्रपट उत्तम आहे. निवेदनही शोधून वाचा, दोन्ही मिळून चित्र पुरं होतं.

आणखी एक. सहा भागांच्या गुन्हेगारी मालिकांमध्ये ऐवज बहुधा दीड तासाचाच असतो. प्रत्येक भागाच्या शेवटी तुम्हाला टांगून ठेवत असतील, तर सरळ शेवटचा भाग बघा आणि झोपा.

मिळतात कुठे?

- फिल्म्स डिव्हिजन २०२२-२३ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं, पण तिथल्या जुन्या चित्रपटांपैकी बरेच यूट्यूबवर अधिकृतपणे आणि फुकट आहेत. पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्टचेही तसेच सापडतात.
- मुंबईत १९९० पासून दर दोन वर्षांनी माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव (‘मिफ’) भरतो. प्रतिनिधी म्हणून नाव नोंदवून आठवडाभर बघता येतं.
- ओटीटीवरचे माहितीपट हक्कांची मुदत संपली की गायब होतात. यादीत टाकून ठेवू नका, दिसला की बघा.
- कुठेच नसेल तर दिग्दर्शकाला लिहा. स्वतंत्र माहितीपटकारांपैकी बऱ्याच जणांची संकेतस्थळं असतात. टेलिग्रामवरच्या चोरीच्या प्रतीपेक्षा हे बरं : प्रत स्वच्छ मिळते आणि चार पैसे योग्य हातात पडतात.

चार लोकांना दाखवायचा असेल तर

गृहसंकुल, ज्येष्ठ नागरिक संघ, महाविद्यालय, वाचनालय, सगळीकडून हाच प्रश्न येतो : ‘माझ्याकडे सबस्क्रिप्शन आहे, हॉलमध्ये लावू का?’

घरच्या वर्गणीचा करार घरापुरताच असतो. तिकीट लावलं नाही म्हणून परवानगी लागत नाही, हा गैरसमज आहे. सुरुवातीच्या काळात आम्हीही त्यात होतो. एका निर्मात्याचं कडक पत्र आलं तेव्हा जागे झालो, आणि चूक आमचीच होती. आता स्थिती अशी :

- शाळा-महाविद्यालयांना सवलत आहे. स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ नुसार शिक्षणाचा भाग म्हणून, फक्त शिक्षक, कर्मचारी, विद्यार्थी, पालक आणि संस्थेशी थेट संबंधित लोकांसमोर चित्रपट दाखवला तर तो हक्कभंग ठरत नाही. फलक लावून गावाला बोलावलंत की सवलत संपली.
- इतरांनी हक्कधारकाची लेखी परवानगी घ्यावी. ईमेल पुरतो.
- नेटफ्लिक्सचे काही स्वतःचे माहितीपट शैक्षणिक, विनानफा प्रदर्शनासाठी एकदा दाखवायला मोकळे असतात. त्या चित्रपटाच्या माहितीत तसं नमूद केलेलं असतं. नसेल तर नाही.
- जाहीर प्रदर्शन असेल तर सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. यूट्यूबवर आहे म्हणजे प्रमाणपत्र आहे, असं नव्हे. महोत्सवांना माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट घ्यावी लागते. परवानगी मागतानाच प्रमाणपत्राची प्रत मागून घ्या.
- जुन्या चित्रपटांना मोकळीक आहे. प्रकाशनानंतर ६० वर्षांनी भारतात चित्रपटावरचा स्वामित्वहक्क संपतो.

परवानगीच्या पत्रात एवढं लिहा : संस्थेचं नाव, तारीख, जागा, अंदाजे किती लोक, तिकीट आहे की नाही, चर्चा ठेवणार का, आणि मराठी किंवा इंग्रजी उपशीर्षकांची प्रत मिळेल का. मानधन परवडत नसेल तर तसं स्पष्ट कळवा. बहुतेक जण समजून घेतात, काही जण ऑनलाइन गप्पांनाही येतात. फुकट दाखवून वर ‘तुम्हाला प्रसिद्धी मिळेल’ हे वाक्य मात्र लिहू नका.

प्रत्यक्ष कार्यक्रमात पडदा लहान असला तरी निभतं, पण आवाज खरखरला की लोक उठतात. खुर्च्या मांडायच्या आधी स्पीकर तपासा. तासाभराच्या वरचं पहिल्या वेळी लावू नका. आणि चित्रपटाआधी भाषण नको! प्रमुख पाहुण्यांना बोलायचंच असेल तर नंतर बोलू द्या, तेव्हा प्रेक्षकांकडेही उत्तरं असतात.

वयोगट आणि तक्रार

ओटीटीवरचे माहितीपट सेन्सॉर बोर्ड बघत नाही. २०२१ च्या नियमांनुसार मंच स्वतःच यू, यूए ७+, १३+, १६+ किंवा ए अशी वर्गवारी करतो. मुलांबरोबर बघण्याआधी ती खूण आणि शेजारचं स्पष्टीकरण वाचा. ‘निसर्ग’ या सदरातही शिकारीची दृश्यं बरीच असतात. वर्गवारी चुकीची वाटली तर मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते आणि त्याने पंधरा दिवसांत निर्णय द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर पुढे मंचांच्या स्वनियमन संस्थेकडे दाद मागता येते. तक्रारीत भागाचा क्रमांक आणि नेमकं मिनिट-सेकंद द्या, नाहीतर साचेबद्ध उत्तर येतं.

राहता राहिला एक प्रश्न, जो गेल्या वर्षापासून फार येतो : रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ बघितला, आता मूळ माहितीपट बघायची गरज आहे का? आहे. तो नटांचा कथापट आहे आणि चांगला आहे. पण अजून दोन्ही बघितले नसतील तर आधी फैझा अहमद खान यांचा बघा, खरा शफीक आधी उडू द्या.